उसना ससा

ससा डावीकडे बघायचा की उजवीकडे, हे मला दुकानात उभं राहून काही केल्या आठवेना. मान मागे वळवलेली होती, एवढं नक्की. कान पाठीला चिकटलेले, पुढचा एक पाय किंचित उचललेला, आणि मान अशी वळवलेली, की मागून कुणी ओळखीच्या माणसाने हाक मारली असावी. पण हाक कुठल्या बाजूने आली होती? मी डोळे मिटले, तर तो कधी डावीकडे बघायला लागला, कधी उजवीकडे. डोळे उघडले, तर समोर काचेच्या कपाटात बसलेला हा ससा आपला शांतपणे उजवीकडे बघतोय.

"आजी, आर यू ओके? बसते का तू?" ईरा म्हणाली.

ईरा माझी नात. केंब्रिजला शिकते. कोजागिरीसाठी म्हणून खास ट्रेनने मेडनहेडला आली होती, आणि शनिवारी ह्यांच्यापाशी केअरर बाई असते म्हणून मला जरा बाहेर काढायला आमच्या गाडीतून नदीकाठच्या एका गावात घेऊन गेली होती. स्कोन खाल्ला, चहा घेतला, आणि परत येताना कोपऱ्यावर हे जुन्या वस्तूंचं दुकान. मी आत शिरले ती वासामुळे. जुनं लाकूड, मेणाचं पॉलिश, थोडी ओल, आणि कुठेतरी खोल लॅव्हेंडर. आमच्या शेजारच्या जोनच्या पॅसेजमध्ये हाच वास यायचा. तो वास धरून मी चालत गेले, आणि शेवटच्या कपाटात ससा.

"हा आपला ससा आहे," मी ईराला सांगितलं. आणि लगेच म्हटलं, "असं मला वाटतंय."

"म्हणजे आहे की नाही?"

"तेच कळत नाहीये गं."

लेकीला, म्हणजे ईराच्या आईला, तिथूनच फोन लावला. म्हटलं, तुला आठवतो का जोनकाकूचा ससा? "ससा?" ती म्हणाली. "आई, खार होती ती. मोठी शेपटी होती." मी म्हटलं, "अगं, लांब कान होते, मागे वळलेले." तर म्हणते, "नो आई, दॅट वॉज द टेल." घरी त्याचा एकच फोटो आहे, त्यात फ्लॅशने सगळ्यांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी पांढरी झालीत, आणि कोपऱ्यात काळं टोक दिसतं. ते मी इतकी वर्षं कानाचं समजत होते. फोन ठेवल्यावर मला त्याचीसुद्धा खात्री वाटेना.

जोन आमची शेजारीण. आम्ही ह्या देशात आलो तेव्हा ह्यांची नोकरी म्हणजे एक हॉस्पिटल झालं की दुसरं, बाडबिस्तरा बांधायचा आणि निघायचं. क्वार्टर्समधल्या सगळ्या पडद्यांना उकडलेल्या कोबीचा आणि डेटॉलचा वास यायचा. मग कधीतरी मेडनहेडला स्वतःचं घर झालं, छोटंसं, पलीकडच्या घराला खांदा लावून उभं असलेलं. मागे बागेचा पट्टा, मध्ये लाकडी कुंपण, आणि कुंपणापलीकडे जोन. एकटी राहायची. डोक्याला रुमाल, पायात पुरुषी गमबूट, आणि तोंडात कायम काहीतरी चघळत असलेली. मला नावाने कधी हाक मारली नाही. "लव्ह" म्हणायची. पहिल्यांदा मी दचकले होते.

त्या घरातली पहिली कोजागिरी मला आठवते, म्हणजे वास आठवतात. दूधवाला रोज चंदेरी झाकणाची बाटली ठेवायचा, पण त्या दिवशी मी सोनेरी झाकणाच्या सांगितल्या होत्या, जर्सी गाईचं घट्ट पिवळसर दूध. केशर आईने भारतातून काडेपेटीत घालून पाठवलेलं. चारोळी वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेली. तेव्हा आम्ही महिन्यातून कधीतरी वेम्बलीला जायचो आणि गाडीत परत येताना सगळ्यांच्या अंगाला हिंगाचा वास यायचा. दूध आटवायला ठेवलं, खिडक्यांवर वाफ धरली, मुलांनी त्या वाफेवर बोटाने चंद्र काढले. खऱ्या चंद्राचा पत्ता नव्हता. आभाळ असं, की गोधडीत कापूस भरून कुणी शिवून टाकलंय.

तरी आम्ही पातेलं घेऊन बागेत गेलो. मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून संध्याकाळीच. ओल्या पानांचा वास, कुणाच्या तरी शेकोटीचा धूर, आणि माझ्या हातात दूध. चंद्र दाखवल्याशिवाय प्यायचं कसं? हे म्हणाले, "अगं, थंड होतंय ते." मी म्हटलं, "थांबा हो जरा, येईल." तेवढ्यात कुंपणावरून रुमालाचं डोकं वर आलं.

"कशाची वाट बघतेस, लव्ह?"

"चंद्राची," मी म्हटलं.

"मग ईस्टरपर्यंत उभी राहशील," जोन म्हणाली. "आणि चंद्रात एवढं काय आहे?"

माझं इंग्रजी तेव्हा भाजी आणि बस एवढ्यापुरतंच. कोजागिरी म्हणजे काय, लक्ष्मी फिरते आणि कोण जागं आहे विचारते, हे सगळं त्यात कुठे मावणार? जे सुचलं ते सांगितलं. म्हटलं, "देअर इज अ रॅबिट इन द मून."

जोनने वर बघितलं. ढगच होते. तिने सांगितलं की त्यांच्याकडे चंद्रात एक माणूस असतो, पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला. ससा तिने नव्हता ऐकला. मग एकदम "थांब" म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती भांडी पुसायच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून. कुंपणावरून माझ्या हातात दिलं, आणि मी ते पातेल्यात पाडते की काय असं झालं, एवढं जड.

"हा घे ससा," जोन म्हणाली. "सकाळी परत आणून दे."

तिच्या आजोबांनी आणला होता जपानहून. ते बोटीवर इंजिनिअर होते. ब्राँझचा, काळपट तपकिरी, आमसुलाच्या रंगाचा. तळाला काहीतरी वळणावळणाचं कोरलेलं, ते मला कोबीची पानं वाटली. ससा आहे म्हटल्यावर कोबीच असणार. आम्ही त्याला पायरीवर बसवला, दूध त्याला दाखवलं, आणि प्यायलो. हे हसून म्हणाले, "चंद्र येत नाही तर काय झालं, त्याने माणूस पाठवलाय." मुलांना ते इतकं पटलं की पुढे कधी आभाळ स्वच्छ असलं तरी ती चंद्राकडे बघायचीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत द्यायला निघाले आणि अडखळले. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर आणली तर चार शेव, ताक आणलं तर दोन लिंबं, काहीतरी घालूनच वाटी जायची. आईने हे मला कधी शिकवलं नाही, मी तिचे हात बघून शिकले. पण ही काही वाटी नव्हती, हा ससा होता, सशात काय घालणार? तो विचार करत मी त्याला फडक्यात गुंडाळत होते, तर खळ्ळ झालं आणि त्याची पाठ माझ्या हातात आली. परक्या देशातली पहिली शेजारीण, आणि मी तिचा ससा मोडला. मग बघते तर पाठ म्हणजे झाकण होतं. आत छान पोकळ. मला इतकं हायसं वाटलं, की मी ओट्यावरची खडीसाखर घेतली, मूठभर आत भरली, झाकण लावलं आणि कुंपणावरून देऊन टाकला. काही बोलले नाही. वाटी देताना कोणी सांगतं का, आत काय आहे म्हणून?

पुढच्या कोजागिरीला दुपारीच फडकं कुंपणावर आलं. ससा खुळखुळत होता. उघडला तर आत काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या. मी म्हटलं, बरं, इंग्रज लोक सशात गोळ्या ठेवतात. गोळ्या मुलांनी खाल्ल्या, मी खडीसाखर भरून परत दिला. त्याच्या पुढच्या वर्षी परत गोळ्या. असं ते सुरू झालं आणि सुरूच राहिलं. कितीतरी वर्षांनी जोनच्या एका मैत्रिणीने मला विचारलं, "खरं का हो, तुमच्या इंडियात ससे उपाशी परत पाठवत नाहीत?" तेव्हा कळलं, जोन सगळ्या रस्त्याला हे सांगत होती. तिला वाटत होतं ही आमची पद्धत, मला वाटत होतं ती तिची. आणि खडीसाखर ती चहात घालायची, वर्षभर पुरवून.

तो घासायला मात्र माझे हात शिवशिवायचे. चिंच लावली असती तर कसा लखलखला असता. जोनला विचारलं तर म्हणाली, "त्याला नाही आवडत." ही म्हणायची तऱ्हा अशी, जशी काही त्याला अंघोळीची भीती वाटते. फक्त कानाची टोकं तेवढी उजळ होती, मुलांची बोटं फिरून फिरून.

म्हणून त्या दुकानात मी आधी कान बघितले. उजळ होते. मला धडधडायला लागलं.

"हे कान बघ," मी ईराला म्हटलं. "तुझ्या आईची बोटं आहेत ती."

दुकानाचा मालक किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. राखाडी स्वेटर, चष्मा दोरीने गळ्यात. कपाट उघडत म्हणाला, "कानाला सगळेच हात लावतात. मीसुद्धा लावतो. सशाचे कान, कुत्र्याचं नाक, हत्तीची सोंड. ह्या जातीच्या प्राण्यांना हीच जागा उजळ असते."

झालं. धडधड तिथेच थांबली.

त्याने ससा काउंटरवर ठेवला. शंभराहून जास्त वर्षांचा असेल म्हणाला. जपानात तलवारींच्या मुठीवर नक्षी करणारे कारागीर होते, तलवारी बाळगायला बंदी आली तसे ते प्राणी करायला लागले. ससे, कासवं, बेडूक, बगळे. बोटीबोटीने इकडे आले. "पिसं न् पिसं, केस न् केस कोरायचे," तो म्हणाला, "हात थांबवता येत नव्हता ना." मी तळाकडे बोट दाखवून विचारलं, ही कोबीची पानं ना? तो जरासा गोंधळला. म्हणाला, "लाटा आहेत त्या. चांदण्यात लाटांचा फेस पळतो ना, तो म्हणजे ससे, असं ते मानतात. चंद्रातले ससे पाण्यावर उतरलेले."

म्हणजे आमच्या सशाखाली काय होतं? लाटा की कोबी? मी कोबी बघितली होती म्हणून कोबी आठवते, की कोबी होती म्हणून?

"आणि ही पाठ उघडते," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या आधी मीच उघडली. ती उघडता आली, ह्याने परत धडधड. तो म्हणाला, ही धुपाची, अगरबत्तीच्या राखेची जागा. आत धूप पेटवायचा, कानामागच्या फटीतून धूर निघतो. घराघरात असायचे असे. गोळ्या ठेवायचं भांडं नव्हे ते, आणि साखरेचंही नव्हे. इतकी वर्षं आम्ही दोघी एका धूपदाणीत एकमेकींना खाऊ देत होतो.

मी नाक आत घातलं. ईराला लाज वाटली असणार. मला वेलदोड्याचा वास आला. आला असं वाटलं. पुन्हा घेतला तर नुसतं धातू आणि धूळ. मी ईरापुढे धरला. "तू बघ."

तिने हुंगलं. "आजी, कॉइन्सचा वास येते."

आता खरं सांगते. मला ससा नको होता. आमच्या घरात वस्तू काय कमी आहेत, आवरायला माणूस नाही. पण ह्यांचं विसरणं गेल्या काही वर्षांत फार वाढलंय. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या नाड्या बघितल्या, त्याला आता स्वतःच्या शर्टाची बटणं परकी वाटतात. मागणं तर सगळंच बंद झालंय. भूक लागली सांगत नाहीत, थंडी वाजते सांगत नाहीत. मला कधी ओळखतात, कधी नमस्कार करून "या, बसा" म्हणतात. फक्त कोजागिरीला, दुधाचा वास सुटला की बागेच्या दाराशी येऊन बसतात आणि विचारतात, "ससा आला का?" वर्षातून एवढी एकच गोष्ट ते आपणहून मागतात, आणि ती माझ्याकडे नसते. मी म्हणते, येईल हं. मग कप बाजूला सारतात. "आधी ससा येऊ दे." मग जेवत नाहीत, झोपायला उठत नाहीत, पाहुण्याची वाट बघावी तसे काळ्या बागेकडे बघत बसतात. गेल्या वर्षी रडले. मला भीती वाटते ती एवढीच, की पुढच्या एखाद्या वर्षी ते ससाही मागणार नाहीत.

कारण जोनचा ससा गेला, तो कुठे गेला मला माहीत नाही. एका ऑक्टोबरात कुंपणापलीकडे दिवा लागला नाही. दारात मोठी कचऱ्याची पेटी आली, तिच्यात गाद्या आणि पडदे. एक लांबचा भाचा आला, व्हॅन आली. मी खिडकीतून बघत होते. जाऊन विचारावं असं मनात आलं, पण काय म्हणून विचारणार? आमचा होता कुठे तो.

दुकानदाराने किंमत सांगितली. ईराने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. त्याच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाला, "सोमवारपर्यंत घरी घेऊन जा, ऑन अप्रूव्हल. घरात ठेवून बघा. नाही पटला तर परत आणा." ईराने कार्ड दिलं, त्याने काहीतरी टिपून घेतलं आणि ससा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. तेवढाच जड. म्हणजे, जड. तेवढाच की नाही, ते हात विसरलेत.

गाडीत तो माझ्या मांडीवर होता. ईराने पट्टा आम्हा दोघांवरून लावला. वाटेत म्हणाली, "आजी, माझी जपानी फ्रेंड आहे ना लॅबमध्ये, तिने मला मूनचा स्टोरी सांगितला होता. तुला माहीत आहे?"

"ससा का आहे ते? नाही बाई. आम्ही नुसता बघायचो."

"एक म्हातारा माणूस येते जंगलमध्ये, भुकेला. माकड त्याला फ्रूट आणते. कोल्हा फिश आणते. आणि ससा सगळीकडे जाते, पण त्याला फक्त गवत मिळते. माणूस गवत कसा खाणार? सो तो म्हणते, माझ्याकडे काहीच नाहीये तुला द्यायला. शेकोटी पेटवा. आणि मग तो जस्ट जम्प्स इन. मला खा म्हणून." राउंडअबाउट आला, तिने गाडी वळवून घेतली. "तो म्हातारा देव असते. तो सशाला मूनवर ठेवते, सगळ्यांना दिसायला. जपानमध्ये तो तिकडे राइस कुटतो. पण ओरिजिनली हे स्टोरी इंडियातून गेलंय, आजी. तुम्ही लोकांनी पाठवला."

वर्तमानपत्रातून त्याचा कान माझ्या मनगटाला टोचत होता. दारी आलेला रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून ज्याने स्वतःला आगीत घातलं, त्याच्या पोटात त्या लोकांनी धूप पेटवायची जागा केली. आणि मी काही माहीत नसताना तिथे खडीसाखर ठेवत आले. ह्याचा अर्थ काय लावायचा? काही अर्थ असतो की नुसतं तसं घडतं? मेडनहेड आलं तरी मला ते कळलं नव्हतं.

संध्याकाळी मी दूध आटवलं. आता दूधवाला नाही, सुपरमार्केटात जर्सीचं दूध प्लॅस्टिकच्या बाटलीत मिळतं, झाकण मात्र कुठलंही. केशर, वेलदोडे, चारोळी. खिडक्या आता दुहेरी काचेच्या, वाफ धरत नाही. पण वास धरतो. हे आपल्या खुर्चीतून उठले, काठी घेतली, आणि बागेच्या दाराशी येऊन बसले. आभाळ नेहमीसारखंच, कापसाने ठासलेलं. ईराने फोनवर चंद्र दाखवला, ढगांच्या मागे नेमका कुठे आहे ते दाखवणारं काहीतरी असतं म्हणे. "आबा, बघा, तिकडे आहे तो." ह्यांनी फोनकडे बघितलं नाही.

"ससा आला का?"

मी तो आणला आणि बुटक्या टेबलावर ठेवला. "आला हो," म्हटलं.

आम्ही तिघं त्याच्याभोवती. मी म्हटलं, "बघा, उजवीकडे बघतोय." ईरा समोर बसली होती. म्हणाली, "नाही आजी, लेफ्ट. माझ्याकडून लेफ्ट आहे." मी उठून तिच्या बाजूला गेले. खरंच की. मान तीच, मी फिरले. मग जोनच्या बाजूने तो कुठे बघायचा आणि माझ्या बाजूने कुठे? आणि मला जो आठवतो तो कुंपणावर असताना आठवतो, की पायरीवर? म्हटलं, जाऊ दे.

हे बघत होते. त्यांचं बघणं पूर्वीसारखं झालं होतं, पेशंटकडे बघावं तसं, घाई नाही. पाठीवरून हात फिरवला. कान चाचपले. मी दुधाचा कप हातात घेऊन उभी. म्हणतील, हा आपला नव्हे. किंवा म्हणतील, हे काय आहे? ह्यातलं जास्त वाईट कुठलं, मी ठरवू शकत नव्हते.

त्यांनी सशाची पाठ उचलली. कुणी दाखवलं नव्हतं. दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, वाकून आत बघितलं, आणि माझ्याकडे मान वळवली.

"रिकामा?" ते म्हणाले. "जोनने रिकामा दिला?"

ईरा माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार होते? जोन नाहीये सांगू? हा जोनचा आहे की नाही तेच मला माहीत नाही, हे सांगू? मी म्हटलं, "अहो, विसरली असेल."

ते हसले. किती दिवसांनी हसले. मान हलवत, अगदी मायेने म्हणाले, "चालायचंच. म्हातारी झाली. विसरते हल्ली."

मग स्वतःच्या स्वेटरच्या खिशात हात घातला. तिथे त्यांच्या गोळ्या असतात, पेपरमिंटच्या, केअरर बाई देते त्या ते खात नाहीत, साठवतात. एक गोळी काढली, सशाच्या पोटात ठेवली, झाकण लावलं, नीट बसलंय ना बोटाने बघितलं. आणि हात पुढे केला. कपासाठी.

प्यायले. सगळं. वरची साय ओठावर राहिली, ती ईराने पुसली. "तू कोण?" त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी ईरा, आबा." "छान," ते म्हणाले, "दूध घेतलंस?"

सोमवारी केअरर बाईला ह्यांच्यापाशी बोलावून मी एकटीच बसने गेले. ईराने आदल्या दिवशी दहादा सांगितलं, ठेवून घे, आजी, आपण मॅनेज करू. लेकीचाही फोन आला, खार असो की ससा, पैसे मी देते म्हणाली. पण मला ते काही केल्या जमेना. विकत घेऊन कपाटात ठेवला, तर वर्षभर तो तिथेच बसणार. मग कोजागिरीला येणार कुठून? आमच्याकडे जो यायचा तो कुंपणावरून यायचा. न येणारा ससा घेऊन मी काय करू?

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग, तोच का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "खूप बघितला. नाही कळलं."

"पण ठेवायचा नाही?"

"पुढच्या ऑक्टोबरात इथेच असला, तर एका रात्रीसाठी परत द्याल का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सशाकडे. माणूस धंदा करणारा, पण बरा. "असला तर," म्हणाला. त्याने ससा उचलला आणि कपाटाकडे वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. हलकेच हलवून बघितला. खुळखुळला. एक पेपरमिंट आणि मूठभर खडीसाखर, दुसरं काय.

"ह्याच्या आत काहीतरी राहिलंय तुमचं," तो म्हणाला.

"राहिलेलं नाही हो," मी म्हटलं. "ते तुमचं आहे."